फाटणारा आवाज

हरी ताम्हाणे जे संगीत वाजवायचा ते मला कधीच आवडलं नाही. हे आधी सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोललो तर ते भिडेखातर बोललो असं कुणाला वाटायचं नाही. भिवंडीत आम्ही एका आळीत वाढलो, एका शाळेत शिकलो आणि पुढे त्याच शाळेत नोकरीला लागलो. मी गणित शिकवायचो आणि हरी कार्यालयात कारकून होता. नेमकं सांगायचं तर मी ऐंशीच्या जूनमध्ये लागलो आणि तो ब्याऐंशीच्या जानेवारीत. नेमकं बोलायची मला खोड आहे. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून माझी थट्टा चालायची आणि मी त्या थट्टेतल्याही चुका दुरुस्त करायचो.

हरी अंगानं किरकोळ होता. केसांना तेल, चापून पाडलेला भांग, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्याचं अक्षर इतकं नेटकं की पालक शाळेचा दाखला घडी न घालता हातात धरून घरी न्यायचे. हा माणूस संध्याकाळी घरी जाऊन हेवी मेटल वाजवतो असं कुणी हेडमास्तरांना सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

त्याला हे वेड लागलं चौऱ्याऐंशी साली. ठाण्याच्या मावसभावानं त्याला एक कॅसेट दिली. तिच्यावर कुठल्याशा विलायती बँडची गाणी होती, पण वरचा कागद हरवलेला असल्यामुळे बँडचं नाव आम्हाला दोन वर्षं कळलं नाही. हरीचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यानं एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली आणि कॅसेट मागेपुढे करत एकेक सूर शोधून काढला. शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. तीन वर्षांत कॅसेटवरची सगळी गाणी त्याच्या बोटांत आली. मला त्यातलं एक गाणं दुसऱ्यापासून वेगळं ओळखता यायचं नाही, पण आज कालच्यापेक्षा चुका कमी झाल्या एवढं कळायचं आणि ते मी त्याला सांगायचो.

त्याचं घर पहिल्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. घरात तो आणि त्याची आई, अनसूयाकाकू. मागच्या खोलीच्या खिडकीपासून हातभर अंतरावर चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता आणि त्याच्यापुढे आणखी दोन. दोन्ही शिफ्ट चालायच्या, त्यामुळे खडखडाट असा थांबायचाच नाही. आळीत माणसं बोलायची नाहीत, ओरडायची. वर्गात कुठल्या मुलाचं घर लूमला लागून आहे हे मला त्याच्या नुसत्या ‘हजर’वरून कळायचं. फक्त शुक्रवारी कारखाने बंद असायचे. त्या दिवशी दुपारी सगळी आळी जेवून जी आडवी व्हायची ती पाचला चहाच्या वेळी उठायची.

सहा दिवस हरीनं कितीही आवाज केला तरी तो लूमच्या आवाजात बुडून जायचा. शुक्रवारी मात्र त्यानं गिटारला हात लावायचा नाही असा काकूंचा हुकूम होता. “सहा दिवस काय तो धिंगाणा घाल. शुक्रवारी माणसांना झोपू दे,” असं त्या म्हणायच्या. हरीनं हा हुकूम एकदाही मोडला नाही. तो कुठलाच हुकूम मोडायचा नाही.

सुरुवातीची काही वर्षं तो गिटार टेपरेकॉर्डरच्या मागच्या भोकात जोडून वाजवायचा. त्याचा आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा यायचा. शेवटी नव्वद साली त्यानं अँप्लिफायर घ्यायचं ठरवलं आणि तिथून पुढे दीड वर्ष माझ्या संध्याकाळी त्या खरेदीत गेल्या. साडी घ्यायला निघालेल्या बायका परवडल्या.

अडचण अशी होती की हरीला हवा होता तो अँप कुणीच विकत नव्हतं. इतर सगळ्यांना स्वच्छ आवाज हवा असतो. सत्यनारायणाच्या पूजेला लाउडस्पीकर लावणारा असो, की निवडणुकीची रिक्षा फिरवणारा असो, आवाज फाटायला लागला की तो अँप दुरुस्तीला आणतो. हरीला आवाज फाटायलाच हवा होता. पण कसाही फाटून चालणार नव्हतं. जाडा, भरीव फाटायला हवा होता, आणि तार एकदा छेडली की सूर लांबवर टिकायला हवा होता. रॉक आणि मेटल वाजवणाऱ्यांचा अँप असाच असतो, असं तो मला सांगायचा. मी म्हणायचो, असेल.

धामणकर नाक्यावर महादूचं दुरुस्तीचं दुकान होतं. महादू मूळचा काल्हेरचा. गावातल्या जमिनीवर गोदामं उठली, भावांनी ट्रक घेतले आणि महादूनं हे दुकान टाकलं. रेडिओ, टीव्ही, स्टॅबिलायझर, मांडववाल्यांचे भोंगे, काय वाटेल ते तो दुरुस्त करायचा. दुकानात बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर कायम कुणाचा तरी टीव्ही ठेवलेला असायचा. हरीनं त्याला आपली गरज उभ्यानंच सांगितली.

“म्हंजी तुला फाटका आवाज पायजे?” महादूनं विचारलं.

“फाटका नाही रे. फाटणारा.”

“लोकं माझ्याकडं फाटतो म्हणून आनतात न तू फाडून द्या म्हनतस?” महादू माझ्याकडे वळला. “मास्तर, याला बरा हाय ना?”

मी म्हणालो, तब्येत बरी आहे, बाकीचं मला माहीत नाही.

पहिला अँप आम्ही मुंबईहून आणला, लॅमिंग्टन रोडवरून. नवा कोरा, ट्रान्झिस्टरचा, शंभर वॅटचा. दुकानात वाजवून बघायची सोय नव्हती. दुकानदार आठ दिवसांच्या बोलीवर द्यायला तयार झाला, ते हरीच्या भांगाकडे बघून झाला असणार. घरी आणून बटण पूर्ण फिरवल्यावर तो फाटला खरा, पण पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. काकू गॅस बंद करून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि तशाच घराबाहेर निघून गेल्या. पाचव्या दिवशी आम्ही तो परत केला.

मग काल्हेरच्या रामनाथची बेंजो पार्टी होती, लग्नात वाजवणाऱ्यांची, महादूच्या भावकीतलीच. आगरी हळदीत हे लोक इलेक्ट्रिक बेंजो असा वाजवतात की मांडवाचे बांबू थरथरतात. रामनाथनं आपला अँप महिनाभर वापरायला दिला. आवाज दांडगा होता, भोंगे दोन होते. हरीनं वाजवलं की गाणं विलायती असूनही हळदीचंच वाटायचं. समोरच्या बिऱ्हाडातली रंगूबाई काकूंना विचारायला आली, हरीचं ठरलं का. काकूंचा चेहरा पडला. हरीचं ठरत नव्हतं हे त्यांचं दुःख होतंच, त्यात ही भर. मुली बघायला गेल्यावर हरी छंद विचारला की खरं ते सांगायचा.

या सगळ्यात हरी चिडला नाही, घाईला आला नाही. प्रत्येक अँप घरी आला की तो एकच सूर पाचपन्नास वेळा छेडायचा आणि डोळे मिटून तो विझेपर्यंत ऐकायचा. मग वहीत दोन ओळी लिहायचा. मी वही बघितली आहे. ‘सूर लवकर मरतो.’ ‘खालच्या तारेला पोट नाही.’ दाखल्यावर लिहावं तशा अक्षरात.

तिसरा अँप महादूनं शोधला. अंबाडीला एक फिरता सिनेमा होता, तंबूतला. घरोघरी टीव्ही आल्यावर तो बंद पडला आणि मालकानं सामान विकायला काढलं. त्यात लोखंडी पेटीतला जुना व्हॉल्व्हचा अँप होता, तीस वॅटचा. महादूनं तो पाव्हण्याच्या टेम्पोतून आणला, साफ केला, दोन व्हॉल्व्ह बदलले, गिटारसाठी वेगळं भोक पाडलं आणि सागाच्या खोक्यात बारा इंची स्पीकर बसवून दिला. “याच्यावर फाटंल. म्हातारा झालाय, जोर न्हाय त्याला,” तो म्हणाला. पेटी आणि खोकं मिळून वजन इतकं होतं की जिना चढताना मी देवाचं नाव घेतलं.

चालू केल्यावर मिनिटभर काहीच झालं नाही. मग व्हॉल्व्हच्या काचेतल्या तारा हळूहळू तांबड्या झाल्या आणि हरीनं गिटार हातात घेतली. हरीनं खालची तार छेडली.

मला ते संगीत आवडत नाही हे मी सांगितलंच आहे. पण तो आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा होता हे कबूल करायला हवं. तो जाडा होता आणि कडेला फाटत होता, तरी कानाला टोचत नव्हता. हरीनं बोट तारेवर तसंच दाबून ठेवलं आणि सूर विझायलाच तयार नव्हता. मागे लूम चालू होते आणि त्यांच्यावर तो आवाज आरामात बसून होता. हरी वही काढायला विसरला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हा त्यातल्या त्यात बरा आहे.”

पुढची दोन वर्षं हरीनं त्या अँपवर रोज दोन तास वाजवलं, शुक्रवार सोडून. आता त्याचं वाजवणंही बदललं. सूर टिकतो म्हटल्यावर तो कमी सूर वाजवायला लागला, एकेक लांबवायला लागला. मी रोज संध्याकाळी जाऊन थोडा वेळ बसायचो आणि डोकं दुखायला लागलं की उठायचो. माझ्याखेरीज ऐकणारं कुणी नव्हतं. दहा वर्षं एक माणूस एक गोष्ट शिकतो आणि ती ज्याला कळते असा एकही जण ती बसून ऐकत नाही, हे हरीला लागत होतं. तो एरवी बोलायचा नाही, पण एकदा म्हणाला, “प्रभाकर, एकदा कुणीतरी समजणाऱ्यानं ऐकावं बघ. मग वाईट म्हणाला तरी चालेल.” मला जरा राग आला, कारण मी समोरच बसलो होतो.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात त्यानं एक कॅसेट भरायचं ठरवलं. लूमचा आवाज आत येऊ नये म्हणून आम्ही स्पीकरचं खोकं आणि माइक मिळून चार गोधड्यांखाली घातले. रेकॉर्डचं बटण मी दाबलं आणि डोकं उठण्याआधी खाली ओट्यावर जाऊन बसलो. तिथं लूमशिवाय काही ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासानं हरीनं वरून हाक मारली. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. “झालं,” तो म्हणाला.

ती कॅसेट मावसभावामार्फत ठाण्याच्या पंढरीकडे पोचली. पंढरी बँकेत होता आणि ड्रम वाजवायचा. घरचे त्याला पंढरी म्हणत, बँडमधले पॅडी. त्याच्या बँडचा गिटार वाजवणारा दुबईला निघून गेला होता आणि मेमध्ये मुंबईच्या एका कॉलेजच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम ठरला होता. मार्चमध्ये शाळेच्या कार्यालयात पंढरीचा फोन आला. मी तिथं होतो. हरी खुर्चीवरून उठून उभा राहून बोलला. कॅसेट त्यांना फार आवडली होती. असा आवाज त्यांनी मुंबईतही कुणाचा ऐकला नव्हता. एकदा समोर ऐकायचं, जमलं तर मेच्या कार्यक्रमाला घ्यायचं, असा त्यांचा विचार होता. दोन शनिवार-रविवार त्यांचे भरलेले होते. त्यानंतरच्या रविवारी यायचं की गुड फ्रायडेला, एवढंच हरीनं सांगायचं होतं.

हरीनं माझ्याकडे बघितलं. रविवारी लूम चालू. ठाण्याहून एवढी माणसं येणार आणि खडखडाटात त्यांना काय ऐकू येणार? शुक्रवारी शांत असतं. मी मान हलवली. हरीनं शुक्रवार सांगितला.

शुक्रवार म्हणजे काकूंचा हुकूम आडवा येत होता. हरी त्यांच्याशी काय बोलला ठाऊक नाही, पण गुरुवारी काकू स्वतः आळीत घरोघरी जाऊन आल्या. उद्या चार ते पाच जरा आवाज होईल, पाहुणे आहेत, सांभाळून घ्या. लोकांना वाटलं मुलीकडचे हरीला बघायला येतायत. सगळ्यांनी हो म्हटलं. अट एकच, चारच्या आधी नाही.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलची पहिली तारीख. पंढरी आणि त्याचे दोन सोबती पावणेचारला आले. केस खांद्यापर्यंत, अंगात काळे बनियन. काकूंनी त्यांना पोहे दिले आणि तिघांनी वाकून नमस्कार केला, त्यामुळे काकू विरघळल्या. हरीनं इस्त्रीचा सदरा घातला होता. चारला दोन मिनिटं असताना त्यानं अँप चालू केला. तारा तांबड्या झाल्या. आळीत चिटपाखरू नव्हतं. हरीनं खालची तार छेडली.

आवाज स्वच्छ आला. चांगला, ठणठणीत, धुऊन पुसून ठेवलेला. फाटला नाही. सूर उमटला आणि विझला.

हरीनं बटण बघितलं. ते नेहमीच्या जागी होतं. त्यानं ते पूर्ण फिरवलं. आवाज मोठा झाला, जरासा खरखरला, पण तो जाडेपणा आला नाही. मग त्यानं कॅसेटवरचं गाणं सुरू केलं. ज्या सुरावर तो थांबायचा तो सूर टिकेना, म्हणून बोटं घाई करायला लागली, आणि घाईत चुका झाल्या. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोन गाणी झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “आज काहीतरी होतंय. रोज असं वाजत नाही.”

पंढरी भला माणूस होता. “होतं असं,” तो म्हणाला. त्याच्या सोबत्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक हलक्या आवाजात म्हणाला की कॅसेटवरचा आवाज आणि हा आवाज एका माणसाचा वाटत नाही. कुणाच्या तरी रेकॉर्डवरून भरलेली कॅसेट त्यांच्याकडे पूर्वी एकदा आली होती म्हणे. हरीनं ते ऐकलं. तो अँपच्या मागे वाकून वायर बघत राहिला.

मग पंढरी माझ्याकडे वळला. “सर, ही कॅसेट भरताना तुम्ही होतात ना?”

मी म्हणालो, “बटण मी दाबलं. पण वाजवताना मी खोलीत नव्हतो. खाली ओट्यावर होतो.”

यातला शब्द न् शब्द खरा आहे. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यावं, असं मी मुलांना शिकवतो. आणि आता लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहितो, तो मिळमिळीत आवाज ऐकून माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. दोन वर्षं रोज मी त्या खोलीत बसलो होतो, तरी चुकचुकली. हरी वायर बघता बघता थांबला आणि मग पुन्हा बघायला लागला. साडेचारला पाहुणे उठले. कळवतो, असं म्हणाले.

शनिवारी सकाळी हरीनं अँप चालू केला आणि तार छेडली. आवाज फाटला. जाडा, भरीव, पहिल्यासारखा. तो तसाच चप्पल पायात सरकवून महादूला घेऊन आला. महादू आदल्या दिवशी काल्हेरला गावदेवीच्या जत्रेत होता. त्यानं मीटर काढून भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसलं.

“एकशे अठ्ठ्याहत्तर,” तो म्हणाला. मग खिडकीबाहेर चोवीस लूमकडे बघितलं, आणि डोक्याला हात लावला. “हरीभाऊ, माझी चूक झाली रं. ह्ये लूम चालू असले का येवढे येवढे व्होल्ट येतात. काल बंद होते, म्हंजी काल दोनशे चालीस आले असनार. टीव्हीला तुजा स्टॅबिलायझर हाय, याला डायरेक दिलाय आपन.”

“त्यानं काय होतं?”

“ह्यो व्हॉल्व्हचा हाय ना. उपाशी असला का बोंबलतो. काल त्याला पोटभर भेटला, मग कशाला बोंबलंल?”

गणिताच्या माणसाला हे सुचायला हवं होतं. संध्याकाळी दिवा मिणमिणतो आणि शुक्रवारी लख्ख होतो, हे मी जन्मभर बघत आलो होतो. अँप निवडताना हरीनं दीड वर्ष कान लावले, वहीत नोंदी केल्या. पण सगळे अँप लूम चालू असतानाच ऐकले, कारण दुसरी सोयच नव्हती. त्याला आवडलेला आवाज अर्धा त्या लोखंडी पेटीचा होता आणि अर्धा आमच्या आळीतल्या विजेचा. महादूनं लगेच तोडगाही सांगितला. व्होल्टेज खाली आणणारा ट्रान्सफॉर्मर तो दोन दिवसांत करून देणार होता. तो लावला की ठाण्यात काय, कुठंही हाच आवाज.

मला एकदम हलकं वाटलं. मी म्हणालो, “हरी, आत्ता फोन कर त्यांना. सगळं सांग.” हरी धामणकर नाक्यावरच्या बूथवर गेला. मी घरी दहावीच्या पेपरांचे गठ्ठे सोडून बसलो होतो, त्या वर्षी मी बोर्डाचे तीनशे पेपर तपासायला घेतले होते. पाऊण तासानं हरी आला. “जागा भरली त्यांची,” तो म्हणाला. “कालच ठरला दुसरा मुलगा.” मी म्हटलं, वाईट झालं. तो म्हणाला, “चालायचंच.” मग चहा घेऊन गेला.

महादूनं ट्रान्सफॉर्मर तरीही करून दिला. हरीनं तो अँपशेजारी ठेवला, पण लावायची वेळ कधी आली नाही. तो आपला वाजवत राहिला, सहा दिवस, लूमच्या सोबतीनं. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. सत्त्याण्णवला काकू गेल्या. लग्न झालं नाही. कॅसेट त्यानं पुन्हा कधी भरली नाही, कुणाला ऐकायला बोलावलं नाही, आणि माझ्याशी वागण्यात रेसभर फरक केला नाही. मी ही गोष्ट जवळजवळ विसरून गेलो होतो.

नव्व्याण्णवच्या जुलैत मी ड्राफ्ट काढायला बँकेत गेलो तर काउंटरमागे पंढरी. बदलून आला होता. केस कापलेले, पोट सुटलेलं, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यानंच मला ओळखलं. चहा मागवला. बँड केव्हाच मोडला होता. मी सहज म्हणालो, तुमच्याकडची जागा तेव्हा भरली नसती तर हरीचं बरं झालं असतं.

“भरली कुठं होती?” पंढरी म्हणाला. “कार्यक्रमच गिटारवाल्यावाचून रद्द केला आम्ही.”

मी कप खाली ठेवला.

“सर, तुम्हाला खरं सांगू का? त्या दिवशी वाजवणं बिघडलं त्याचं आम्हाला एवढं काही नव्हतं. अँप काय, कुणाचाही दगा देतो. पण तुम्ही म्हणालात की मी खोलीत नव्हतो. जिना उतरताना आम्ही म्हटलं, जवळचा मित्रसुद्धा अंगाला लावून घेत नाही, म्हणजे कॅसेट याची नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. लूम, व्होल्टेज, काय काय सांगत होता. आमच्या पोरांना वाटलं बनवतोय. मी त्याला म्हटलं, असं कर, तुझ्या त्या सरांना फोनवर दे. त्यांनी एकदा सांगितलं की कॅसेटवर तू आहेस, तर आम्ही आजच ठरवतो. तो म्हणाला, नको. आणि फोन ठेवला.”

चहा तसाच राहिला. मी ड्राफ्ट न घेता बाहेर पडलो आणि सरळ शाळेत गेलो. शाळा सुटली होती. हरी कार्यालयात एकटा बसून दाखले लिहीत होता. मी समोरच्या खुर्चीत बसलो.

“पंढरी भेटला,” मी म्हणालो.

हरीनं पेन खाली ठेवलं. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

“त्यानं तुला मला फोनवर द्यायला सांगितलं होतं?”

“हो.”

“मी दहा मिनिटांवर होतो, हरी. घरात बसलो होतो. तू का आला नाहीस बोलवायला?”

“आलो होतो की,” हरी म्हणाला. “बूथवरून सरळ तुझ्याकडेच निघालो होतो. वाटेत वाटलं, तू येशील, फोन घेशील, आणि ते विचारतील, सर, तुम्ही नक्की बघितलं का. आणि तू परत तेच सांगशील.”

मी खुर्ची टेबलाजवळ सरकवली. 

“मग मला नंतर तरी का सांगितलं नाहीस? शिव्या द्यायच्या होत्यास. पाच वर्षं रोज येऊन बसतो मी तुझ्याकडे.”

“तू पेपर तपासत होतास ना तेव्हा,” हरी म्हणाला. “तीनशे पोरांचे मार्क होते. आणि मग राहूनच गेलं.”

बाहेर शिपाई वर्गांना कुलपं घालत होता. हरीनं दाखला पुढे ओढला, पण लिहायला घेतला नाही.

“हरी,” मी म्हणालो, “कॅसेटवर तूच होतास.”

“ते मला कशाला सांगतोस?” तो म्हणाला. “मी होतो खोलीत.”